‘घेतली होती का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर

अपघात विभागात जखमी माणसाला आणले की डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतात. कसे पडले? केव्हा पडले? शुद्ध हरपली होती का? उलटी झाली का? कोणती औषधे चालू आहेत? या प्रश्नांची उत्तरे नातेवाईक भराभर देतात. मग ‘मद्य घेतले होते का?’ हा प्रश्न येतो आणि घोळक्यात एकदम शांतता पसरते. पत्नी खाली पाहते, मुलगा ‘नाही, तसे काही नाही’ म्हणतो आणि सून पिशवीतले जुने रिपोर्ट शोधू लागते.

संकोच समजण्यासारखा आहे. आपल्या समाजात मद्यपान ही घरात झाकून ठेवण्याची गोष्ट आहे. त्यातून रुग्ण साठी-सत्तरीचा, नातवंडांचा आजोबा असेल तर अधिकच. परंतु डॉक्टरांचा हा प्रश्न चारित्र्याविषयीचा नसतो. रक्तदाब किती, साखर किती, याइतकाच तो वैद्यकीय असतो. त्याचे उत्तर मिळाले नाही किंवा खोटे मिळाले, तर उपचारांची दिशा चुकू शकते आणि क्वचित जीवावर बेतते. या लेखाचा हेतू मद्यपानावर प्रवचन करण्याचा नाही. दुखापत आणि मद्य यांचे नाते काय, वृद्धांच्या बाबतीत ते अधिक घातक का, आणि अशा वेळी घरच्यांनी काय करावे, एवढेच सांगायचे आहे.

यकृतापलीकडचे नुकसान

दारू म्हटले की आपल्यासमोर खराब झालेले यकृत येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले. त्यांपैकी सुमारे ७ लाख २४ हजार मृत्यू वाहनांचे अपघात, मारामाऱ्या, आत्मघात अशा दुखापतींमुळे झालेले होते. यकृत बिघडायला वर्षे लागतात. दुखापतीला एक संध्याकाळ पुरते. रोज पिणाऱ्यालाच ती होते असेही नाही. सणासमारंभाला ‘थोडीशी’ घेणारा माणूसही जिन्यावरून घसरतो.

याच संघटनेने या शतकाच्या सुरुवातीला बारा देशांतील अपघात विभागांत मद्य आणि दुखापत यांचा एकत्रित अभ्यास केला होता. भारतातून त्यात बेंगळुरूचा समावेश होता. त्यातील एक महत्त्वाचा प्रश्न असा होता : दुखापतीच्या आधीच्या सहा तासांत आपण मद्य घेतले होते का? ‘सहा तास’ ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण बहुधा ‘आत्ता प्यायलेला दिसतो का’ एवढेच पाहतो. शरीराचा हिशेब मात्र बराच लांबतो.

पेगचे गणित

आपल्याकडील व्हिस्की, रम, ब्रँडीत मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम मद्यार्क जातो. ‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ६५० मिलिलिटरच्या आठ टक्के मद्यार्क असलेल्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजेच चार लहान पेग.

हा मद्यार्क शरीरातून बाहेर टाकण्याचे बहुतेक काम यकृत करते आणि त्याचा वेग ठरलेला असतो : तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. रात्री दहाला दोन मोठे पेग संपवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात पहाटे दोन-तीन वाजताही मद्य असू शकते. आणि नेमक्या त्याच वेळी तो लघवीसाठी उठतो.

वाढत्या वयात हे गणित आणखी बिघडते. मद्य शरीरातील पाण्यात मिसळते. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते, वृद्धापकाळी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे तोच पेग, तीच बाटली, पण रक्तातील प्रमाण अधिक. स्त्रियांच्या शरीरात पाणी मुळात कमी असल्याने त्यांच्यावर परिणाम आणखी लवकर होतो. ‘तीस वर्षे घेतोय, कधी काही झाले नाही,’ या वाक्यात एवढेच लक्षात घेतलेले नसते की घेणारे शरीर आता तीस वर्षांपूर्वीचे राहिलेले नाही.

वृद्ध नेमके कोठे पडतात?

तरुणांच्या बाबतीत दुखापतीची जागा बहुधा रस्ता असते. वृद्धांच्या बाबतीत ती घर असते. मद्य लहान मेंदूवर परिणाम करते आणि तोल जातो. मद्यामुळे लघवी जास्त होते, म्हणून रात्री उठावे लागते. रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून अंथरुणातून झटकन उठताना रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात मोतीबिंदू, गुडघेदुखी, न्हाणीघरातील ओली फरशी. खुब्याचे हाड मोडणे, मनगट मोडणे आणि डोक्याला मार लागणे, या तिन्ही दुखापती अशा दहा पावलांच्या प्रवासात होतात.

दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याला न घेतलेल्या दिवशीही धोका असतो. हाडे ठिसूळ होतात, पायांतील नसा बधिर होतात, स्नायू झिजतात. यकृत बिघडले असेल तर रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. साध्या माराने मोठे काळेनिळे डाग पडतात आणि आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही.

थंडीत दोन घोट ब्रँडी घेतली की ऊब येते, हा समज घरोघरी आहे. मद्याने त्वचेकडील रक्तप्रवाह वाढतो आणि गरम वाटते. प्रत्यक्षात त्याच वाटेने शरीरातील उष्णता बाहेर जाते. वृद्धाला थंडी वाजत असेल तर शाल, कानटोपी आणि गरम पेज अधिक गुणकारी.

‘झोपू द्या, सकाळी उतरेल’

या एका वाक्याची मला सर्वाधिक भीती वाटते. पिऊन आलेला माणूस धडपडला, डोक्याला टेंगूळ आले, बडबडला आणि झोपला. घरच्यांनी पांघरूण घातले. ही झोप दारूची आहे की डोक्यातील रक्तस्रावाची, हे नुसते पाहून घरच्यांनाच काय, डॉक्टरलाही सांगता येत नाही. अडखळते बोलणे, झोकांड्या, उलटी, गुंगी ही दोन्हींची समान लक्षणे आहेत.

म्हणून जगभरातील अपघात विभागांत एक शिस्त पाळली जाते : डोक्याला मार लागलेल्या माणसाची कमी झालेली शुद्ध ही दारूमुळे आहे असे गृहीत धरायचे नाही. आधी मेंदूची दुखापत नाही याची खात्री करायची. त्यासाठी ‘ग्लासगो कोमा स्केल’ ही १९७४ साली ग्लासगो शहरातील दोन मेंदूशल्यचिकित्सकांनी मांडलेली मोजणी वापरतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे यांना गुण देऊन ३ ते १५ अशी बेरीज होते आणि ती पुन:पुन्हा केली जाते. दारू उतरत असेल तर गुण हळूहळू वाढतात. ते तेवढेच राहिले किंवा घसरले तर प्रकरण गंभीर आहे. पासष्टीच्या पुढील आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत सीटी स्कॅन करण्याचा निर्णय डॉक्टर लवकर घेतात, तो यामुळेच.

वृद्धांच्या डोक्याच्या दुखापतीचा आणखी एक फसवा प्रकार आहे. वयानुसार, आणि दीर्घ मद्यपानाने अधिकच, मेंदू आकसतो. मेंदू आणि कवटी यांमधील बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या राहतात. किरकोळ धक्क्यानेही त्यांतील एखादी तुटते आणि मेंदूच्या आवरणाखाली थेंबथेंब रक्त साचू लागते. लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

माझ्या दवाखान्यात एका निवृत्त गृहस्थांना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या. तक्रार अशी, की बाबा अलीकडे विसरतात, दिवसा झोपून राहतात, चालताना उजवा पाय ओढतात. ‘वय झाले’ हे निदान घरात होऊन गेले होते. पडले होते का, असे विचारल्यावर दोघांनीही नाही म्हटले. सूनबाई औषधे आणायला बाहेर गेल्या तेव्हा गृहस्थ हळूच म्हणाले, ‘महिन्यापूर्वी एका लग्नाहून आलो होतो. जरा जास्त झाली होती. जिन्यात आपटलो. घरी कुणाला बोललो नाही.’ सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुने रक्त साचलेले दिसले. शस्त्रक्रिया झाली, रक्त काढले आणि काही आठवड्यांत ते पूर्ववत चालू लागले. उपाय होता, कित्येक दिवस अडून राहिले होते ते एक वाक्य. महिनाभरापूर्वीची घसरण, आणि तीही घेतलेली असताना झालेली, डॉक्टरांना आवर्जून सांगावी ती याकरिता.

साखर आणि औषधे

मधुमेही व्यक्ती झोकांड्या खात असेल, घामाने भिजली असेल, असंबद्ध बोलत असेल, तर ती प्यायलेली असेलच असे नाही. तिची साखर उतरलेली असू शकते. आणि दोन्ही गोष्टी एकदम असण्याचीही बरीच शक्यता असते. मद्य यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्याने उपाशीपोटी मद्य घेतले तर मध्यरात्रीनंतर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. घरात ग्लुकोमीटर असेल तर अशा वेळी आधी साखर तपासा. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही घालू नका. थेट रुग्णालय गाठा.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंतेवरील गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि खोकल्याची काही गुंगी आणणारी औषधे मद्याबरोबर गेली की गुंगी दुणावते आणि श्वास मंदावू शकतो. प्रोस्टेटसाठी दिलेल्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांबरोबर उभे राहताना रक्तदाब उतरतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन घेणाऱ्यांत पडल्यावर होणारा रक्तस्राव अधिक असतो. आसव-अरिष्टांतही नैसर्गिक आंबवणीने तयार झालेला मद्यार्क असतो. सांगितलेल्या मात्रेत तो अल्प असतो. परंतु ‘औषधच आहे’ म्हणून बाटलीने घेऊ नये.

खरे उत्तर डॉक्टरांच्या कोणत्या कामी येते?

पहिले काम भूल देण्याचे. मद्य घेतलेल्या माणसाला उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शेवटचा घोट आणि शेवटचा घास केव्हा घेतला, हे भूलतज्ज्ञाला माहीत असावे लागते.

दुसरे काम औषधांच्या निवडीचे. वेदनाशामक आणि गुंगीचे औषध कोणते व किती द्यायचे, हे रक्तात आधीच काय आहे त्यावर ठरते. दीर्घकाळ पिणाऱ्यांत बी-१ जीवनसत्त्वाची उणीव असते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन दिले गेले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा संभव असतो. माहिती असेल तर एका इंजेक्शनने हे टळते.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि नातेवाइकांना सर्वांत कमी ठाऊक असलेले. रोज पिणारा माणूस खुबा मोडून रुग्णालयात दाखल झाला की त्याची दारू अचानक बंद होते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, नाडी जलद होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना तीव्र भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, गेलेली माणसे दिसतात, रुग्ण सलाईन उपसून टाकतो. घरच्यांना वाटते, भूल चढली किंवा डोक्यावर परिणाम झाला. या अवस्थेवर वेळीच उपचार झाले नाहीत तर मृत्यूही ओढवू शकतो. ‘बाबा रोज संध्याकाळी दोन पेग घेतात’ हे पहिल्याच दिवशी सांगितलेले असेल, तर डॉक्टर योग्य औषधे आधीपासून सुरू करून हे संकट बहुतेक वेळा टाळू शकतात.

पोलीस आणि विमा यांची भीती

माहिती दडवण्यामागे लाजेखेरीज आणखी दोन भीती असतात. पहिली पोलिसांची. रस्त्यावरील अपघाताची नोंद रुग्णालय पोलिसांकडे करते, हे खरे आहे. परंतु पोलिसांचे सोपस्कार होईपर्यंत उपचार अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्या अनोळखी माणसालाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा मदत करायला कचरू नये.

दुसरी भीती विम्याची. मद्याच्या अमलाखाली झालेल्या अपघाताची भरपाई काही विमा योजनांत वगळलेली असते, ही वस्तुस्थिती आहे. पण ती चिंता नंतरची. पैशासाठी दडवलेली माहिती रुग्णाच्या जीवावर उठत असेल तर तो व्यवहार कुठल्याच हिशेबात बसत नाही. सर्वांसमोर बोलणे जड जात असेल तर डॉक्टरांना बाजूला बोलावून सांगा. डॉक्टरांना हे ऐकण्याची सवय असते.

घरातून कोणी घेऊन बाहेर पडत असेल तर कायद्याची मर्यादा माहीत असू द्या : रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी एक मोठा पेग घेतला तरी ती ओलांडली जाऊ शकते. त्याच्या गाडीखाली येणारा बहुधा पायी चालणारा असतो, आणि सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणारे आपले ज्येष्ठ नागरिक त्यांत पुष्कळ असतात.

प्रसंगी काय करावे

— डोक्याला मार लागला असेल आणि वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, हाक मारूनही नीट न जागणे, फिट, एका हातापायातील अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाककानातून रक्त किंवा पाणी येणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

— मद्य घेतलेल्या माणसाला उताणे झोपवू नका. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. मान किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल तर मात्र हलवू नका. एकटे सोडू नका. ओकारी काढू नका, थंड पाणी ओतू नका.

— खुब्यात दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर उभे करण्याचा प्रयत्न करू नका. चोळणे, ओढणे टाळा.

दुखापतीनंतरचे बोलणे

प्लास्टर घातलेला हात समोर असतो तेव्हा माणूस एरवी न ऐकणाऱ्या गोष्टी ऐकतो. अपघात विभागातच डॉक्टर किंवा परिचारिकेने काही मिनिटे शांतपणे बोलल्याने पुढचे पिणे कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. घरच्यांनीही ही वेळ टोमण्यांत घालवू नये. ‘मी सांगत होतेच’ म्हटल्याने माणूस आणखी मिटतो. ‘तुम्ही त्या रात्री सापडला नसता तर काय झाले असते, या विचाराने मला झोप येत नाही,’ हे म्हणणे खरेही आहे आणि ऐकलेही जाते. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर सुरू झालेल्या पिण्यामागे पुष्कळदा रिकामी संध्याकाळ असते. त्या वेळेला दुसरे काही, कट्टा, भजन, नातवाचा अभ्यास, जोडून द्यावे लागते.

रोज बरीच घेणाऱ्याने मात्र घरच्या घरी एका दिवसात सोडण्याचा हट्ट धरू नये. वर सांगितलेला भ्रम आणि फिट घरीही येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून हे काम चालवले आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य मदतवाहिनी आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत भरतात आणि कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आहे.

शेवटी एक छोटे काम आजच करून ठेवावे. घरातील ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात एक कागद ठेवावा. त्यावर आजार, चालू गोळ्या, रक्त पातळ करणारे औषध आहे का, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा फोन लिहावा. त्याखाली एक ओळ आणखी असावी : मद्य घेतात की नाही, घेत असल्यास किती आणि किती दिवसांनी. हा कागद त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने लिहावा. रात्री दोन वाजता अपघात विभागात उभे असताना घरच्यांना बोलणे सुचले नाही, तरी तो कागद पुढे करता येतो.